इंग्रजी वाक्यदुरुस्ती: मॉडिफायर कुणाला चिकटलाय, हे कानाला का कळत नाही?

अर्धविराम

तीन महिने झाले, रोज थोडे थोडे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न सोडवतेय. काळ, वचन, कर्ता-क्रियापदाचा मेळ यांत आता सहसा चूक होत नाही. गाडी अडते ती मॉडिफायरपाशी. व्याख्या पाठ आहे: जो शब्द किंवा शब्दसमूह दुसऱ्या कशाबद्दल तरी माहिती पुरवतो तो मॉडिफायर, आणि ज्याच्याबद्दल पुरवतो त्याला तो खेटून असायला हवा. पण घड्याळ लावून बसलं की चुकीचं वाक्य मला चुकीचं वाटतच नाही. कालचा प्रश्न देते.

डिस्कव्हर्ड बाय विल्यम हर्शेल इन १७८१, ॲस्ट्रॉनॉमर्स ॲट फर्स्ट टुक युरेनस फॉर अ कॉमेट.

स्वल्पविरामानंतरचा भाग बदलायचा होता. पर्याय असे:

अ) ॲस्ट्रॉनॉमर्स ॲट फर्स्ट टुक युरेनस फॉर अ कॉमेट
ब) युरेनसेस आयडेंटिटी वॉज ॲट फर्स्ट टेकन फॉर अ कॉमेट
क) युरेनस वॉज ॲट फर्स्ट टेकन फॉर अ कॉमेट
ड) इट वॉज ॲट फर्स्ट थॉट बाय ॲस्ट्रॉनॉमर्स दॅट युरेनस वॉज अ कॉमेट
इ) युरेनस ॲट फर्स्ट, टेकन फॉर अ कॉमेट

मी 'अ' निवडला. उत्तर 'क' आहे. स्पष्टीकरण वाचलं की पटतं, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. शिवाय 'क' मी मुद्दाम सोडला होता, कारण पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) दिसलं की तो पर्याय खोडायचा असं मला शिकवलं होतं. कुणी नीट समजावून सांगेल का? नियमांची यादी नको, ती आहे माझ्याकडे. चूक दिसत का नाही, ते समजून घ्यायचंय.

खोडरबर

आधी हा प्रश्नच पुरता उलगडू.

वाक्य 'डिस्कव्हर्ड'पासून सुरू होतं. कर्ता अजून आलेला नाही, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: शोधलं गेलं ते काय? स्वल्पविराम ओलांडल्यावर जे पहिलं नाम भेटेल तेच त्याचं उत्तर असायला हवं, असा इंग्रजीचा दंडक आहे. 'अ'मध्ये पहिलं नाम 'ॲस्ट्रॉनॉमर्स', म्हणजे हर्शेलने खगोलशास्त्रज्ञ शोधून काढले. 'ब'मध्ये 'युरेनसेस आयडेंटिटी'. इथे युरेनस शब्द दिसतो म्हणून डोळा फसतो, पण तो षष्ठीत आहे, नाम आहे 'आयडेंटिटी'. हर्शेलने ग्रह शोधला, ग्रहाची ओळख नाही. पुढे ती ओळख धूमकेतू समजली गेली, हेही अर्थाला धरून नाही. 'ड'मध्ये पहिला शब्द 'इट', जो कशाच्याच जागी आलेला नाही. 'इ'मध्ये नाम बरोबर आहे, पण मुख्य क्रियापदच गायब आहे.

'इ'कडे नीट बघ. असे पर्याय मुद्दाम रचतात. तू मॉडिफायरची चूक ओळखलीस की घाईने, सुधारलेल्या मॉडिफायरचा पहिला पर्याय उचलशील, हे रचणाऱ्याला माहीत असतं. म्हणून मॉडिफायर जुळला की उरलेलं वाक्य एकदा कर्ता-क्रियापदासाठी वाचायचंच.

पॅसिव्हबद्दल: पॅसिव्ह ही व्याकरणाची चूक नाही. इथे खगोलशास्त्रज्ञ वाक्यात नसले तरी चालतात, युरेनस नसला तर चालत नाही.

निळी शाई

तुझा खरा प्रश्न 'दिसत का नाही' हा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मी बरीच वर्षं हे प्रश्न शिकवते. माझ्या मते दोष तुझ्या इंग्रजीत नाही. तुझा कान मराठी आहे आणि मराठीत हे वाक्य निर्दोष आहे.

'अ' मनातल्या मनात मराठीत आण: हर्शेलने १७८१ मध्ये शोधल्यावर खगोलशास्त्रज्ञांना युरेनस आधी धूमकेतू वाटला. खटकलं काही? नाही. कारण मराठीतल्या '-ल्यावर'ला आणि '-ताना'ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो. 'मी घरी जाताना पाऊस आला.' जाणारी मी, आलेला पाऊस. दोघांचे कर्ते वेगळे आणि वाक्य सुरेख. त्यातला 'मी' गाळला तरी ऐकणाऱ्याला कळतं. 'खिडकीतून पाहताना डोंगर दिसले' असं आपण सहज लिहितो. डोंगर खिडकीतून पाहत होते, असं कुणाच्याही मनात येत नाही.

आता तेच इंग्रजीत: लुकिंग आउट ऑफ द विंडो, द माउंटन्स वेअर व्हिजिबल. इंग्रजी वाचक अर्थ लावून घेतो हे खरं, पण परीक्षेच्या व्याकरणात इथे डोंगरच खिडकीतून बघतायत. यालाच डँगलिंग मॉडिफायर म्हणतात. मॉडिफायर आहे, पण तो ज्याचा आहे तो वाक्यात नाही.

म्हणजे आपण इंग्रजी वाचत असतो आणि पाठीमागे '-ताना' चालू असतो. तो बंद केल्याशिवाय चूक दिसत नाही.

पानगळ

निळी शाई, हे वाचून मला माझ्या कितीतरी चुका एकदम समजल्या. एक सुचवू का? '-ताना'ऐवजी '-ऊन' लावून पाहिलं तर? 'ऊन'ला कर्ता एकच लागतो. 'ती घरी येऊन झोपली', यात येणारी आणि झोपणारी तीच. 'ती घरी येऊन तो झोपला' हे कानाला लगेच टोचतं. मग इंग्रजी वाक्य 'ऊन' लावून वाचायचं आणि टोचलं की चूक.

निळी शाई

कल्पना चांगली आहे, पूर्वी मीही वर्गात हेच सांगत असे. पण ती दोन ठिकाणी गळते आणि परीक्षेत नेमकं तिथेच पाणी शिरतं.

पहिलं ठिकाण: 'बातमी ऐकून तिचे डोळे पाणावले.' अस्सल मराठी वाक्य आहे. ऐकणारी ती, पाणावणारे डोळे. 'तिचे'मध्ये 'ती' डोकावते तेवढं मराठीला पुरतं. इंग्रजीत 'हिअरिंग द न्यूज, हर आइज फिल्ड विथ टिअर्स' लिहिलं की परीक्षक काट मारणार, कारण बातमी डोळ्यांनी ऐकली असं होतं. खोडरबरने 'ब' पर्यायात दाखवलेला षष्ठीचा सापळा हाच. मेरी क्युरीवरचं हे वाक्य बघा: बॉर्न इन वॉर्सा इन १८६७, मेरी क्युरीज रिसर्च ब्रॉट हर टू नोबेल प्राइझेस. दोन नोबेलची माहिती खरी आहे, १९०३ चं भौतिकशास्त्राचं आणि १९११ चं रसायनशास्त्राचं. पण वॉर्सात जन्मलं ते संशोधन नव्हे. 'मेरी क्युरी वन टू नोबेल प्राइझेस फॉर हर रिसर्च' असं केलं की व्यक्ती स्वल्पविरामाला भिडते.

दुसरं ठिकाण: 'वीज पडून झाड जळालं.' पडली वीज, जळालं झाड. कारण सांगायचं असलं की 'ऊन'सुद्धा दोन कर्ते खपवून घेतो.

मग मराठीतलं काय वापरायचं? '-लेला' आणि '-णारा'. ही रूपं नामाला जखडलेली असतात, त्यांना इकडेतिकडे सरकताच येत नाही. सुरुवातीच्या शब्दसमूहाला '-लेला' किंवा '-णारा' लावायचं आणि स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामापुढे ठेवून वाचायचं.

हर्शेलने शोधलेले खगोलशास्त्रज्ञ.
बातमी ऐकणारे डोळे.
खिडकीतून पाहणारे डोंगर.
वॉर्सात जन्मलेलं संशोधन.

आणि आता: हर्शेलने शोधलेला युरेनस.

कान लगेच सांगतो की नाही? कान तोच आहे, त्याच्यापुढे ठेवायचं रूप बदललं.

अर्धविराम

मी आत्ता वही काढून मागच्या दहा-बारा चुका यावर घासून पाहिल्या. 'व्हाइल रीडिंग द पॅसेज, द टाइम रॅन आउट': परिच्छेद वाचणारी वेळ. 'कम्प्लीटेड इन १८८९, गुस्ताव्ह आयफेल्स कंपनी बिल्ट द टॉवर फॉर अ वर्ल्ड्स फेअर': १८८९ मध्ये पूर्ण झालेली कंपनी. खरंच दिसायला लागलं! हे दुसरं मी किती वेळा वाचलं होतं, आणि दर वेळी 'टॉवर' वाक्यात आहे ना, मग झालं, असं वाटायचं. तो वाक्यात असून उपयोग नाही, जागेवर हवा.

पण वाक्याच्या शेवटी आलेल्या मॉडिफायरचं काय? तिथे ही कसोटी उलटं उत्तर देतेय. 'क्राकाटोआ इरप्टेड इन १८८३, सेंडिंग ह्यूज वेव्ह्ज टू निअरबाय कोस्ट्स.' 'सेंडिंग' या आयएनजीवाल्या रूपाच्या लगेच आधी आहे १८८३. लाटा पाठवणारं १८८३? आणि उत्तर म्हणे बरोबर आहे. उलट 'व्हिच सेंट' असलेला पर्याय चूक.

खोडरबर

शेवटच्या आयएनजीचा कायदा वेगळा आहे, म्हणून कसोटी फक्त सुरुवातीसाठी ठेव.

पूर्ण वाक्यानंतर स्वल्पविराम आणि मग आयएनजी आलं, तर ते मागच्या नामाला चिकटत नाही, मागच्या सबंध क्रियेला चिकटतं. त्या क्रियेचा परिणाम सांगतं किंवा ती कशी घडली ते सांगतं. उद्रेक झाला आणि त्याने लाटा उसळवल्या. तपासायच्या गोष्टी दोन: आयएनजीचा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याशी जुळतो का, आणि ती गोष्ट मुख्य क्रियेतून निघते का. दोन्ही 'हो' असतील तर ठीक.

'व्हिच'चं तसं नाही. परीक्षेतल्या 'व्हिच'ला शेजारी नाम लागतं, सबंध घटना त्याला पेलत नाही. 'इरप्टेड इन १८८३, व्हिच सेंट' म्हटलं की लाटा १८८३ या सालाने पाठवल्या. आपल्याला हे खटकत नाही, कारण आपल्या '-ज्यामुळे'ला अख्खी घटना पोटात घेता येते: 'उद्रेक झाला, ज्यामुळे लाटा उसळल्या.' बोलण्यातल्या इंग्रजीतही 'व्हिच' असा सर्रास येतो आणि चांगले लेखकही तो तसा वापरतात. परीक्षेत मात्र तो पर्याय खोडायचा.

शेवटी ईडीवालं रूप (किंवा 'ड्रॉन'सारखं त्याच कामाचं) आलं तर पुन्हा नामाकडे वळायचं. 'शी फाउंड अ मॅप, ड्रॉन इन इंक': काढलेला आहे तो नकाशा, आणि तो शेजारीच आहे. इथे '-लेला' चालतो.

गुरुत्वमध्य

'व्हिच'बद्दल थोडी भर. शेजारी म्हणजे अगदी पट्टीने मोजून शेजारी नव्हे. 'द बॉक्स ऑफ लेटर्स, व्हिच वॉज फाउंड इन द ॲटिक' हे बरोबर आहे. मधलं 'ऑफ लेटर्स' हे पेटीचंच शेपूट आहे, त्यावरून 'व्हिच' उडी मारून 'बॉक्स'पर्यंत जाऊ शकतो. कुठे गेला ते क्रियापद सांगतं. 'वॉज' असेल तर पेटी, 'वेअर' असेल तर पत्रं. 'व्हिच'चा जवळचा शब्द दुसरा दिसला म्हणून मी असे पर्याय झटक्यात खोडत असे आणि बरोबर उत्तर हातचं जात असे. मधला तुकडा उचलून दुसरीकडे ठेवता येत नसेल, तर उडी मान्य करायची.

कडूलिंब

मधेच विचारतोय, पण हे प्रश्न अजून येतात का? एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेतून सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यदुरुस्ती, गेलं असं ऐकलं.

खोडरबर

बरोबर ऐकलंत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमध्ये तो प्रकार नाही. जुन्यात पाच पर्याय असत आणि पहिला पर्याय मूळ वाक्यच असे. अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत मॉडिफायरची जागा अजूनही विचारतात, फक्त उताऱ्यात रिकामी जागा आणि चार पर्याय असं रूप असतं. रिकाम्या जागेच्या आधी स्वल्पविरामाने संपणारा शब्दसमूह दिसला आणि चारही पर्याय वेगवेगळ्या नामांनी सुरू होत असले, की प्रश्न मॉडिफायरचा आहे हे पर्याय पुरते न वाचताही ओळखता येतं. जुन्या प्रश्नांचा सराव त्यासाठी अजूनही कामी येतो.

पानगळ

माझं घोडं 'ओन्ली'वर अडतं. त्याची बरोबर जागा कशी ओळखायची?

निळी शाई

यासाठी आपल्याकडे 'च' हे नेमकं हत्यार आहे. 'च' ज्या शब्दाला लावायचा त्याच शब्दाच्या आधी 'ओन्ली' ठेवायचा.

तिनेच पहिला प्रश्न सोडवला: ओन्ली शी सॉल्व्ड द फर्स्ट क्वेश्चन.
तिने पहिला प्रश्नच सोडवला, बाकी काही नाही: शी सॉल्व्ड ओन्ली द फर्स्ट क्वेश्चन.

बोलताना लोक 'शी ओन्ली सॉल्व्ड' म्हणतात आणि आवाजाच्या जोरावर अर्थ पोचवतात. कागदावर आवाज नसतो, म्हणून परीक्षेत 'ओन्ली' त्याच्या शब्दाला चिकटूनच हवा. 'निअर्ली' आणि 'ऑलमोस्ट' यांचंही तेच. 'ही आन्सर्ड निअर्ली फॉर्टी क्वेश्चन्स' म्हणजे जवळजवळ चाळीस सोडवले. 'ही निअर्ली आन्सर्ड फॉर्टी क्वेश्चन्स' म्हणजे सोडवता सोडवता राहिला. एक शब्द एक घर सरकला आणि उत्तरपत्रिका कोरी झाली.

गुरुत्वमध्य

याच घराण्यातलं एक दुतोंडी वाक्य: स्टुडंट्स हू प्रॅक्टिस ऑफन इम्प्रूव्ह. 'ऑफन' मागच्या 'प्रॅक्टिस'चा की पुढच्या 'इम्प्रूव्ह'चा? दोन्हीकडे बघतो म्हणून त्याला स्क्विंटिंग मॉडिफायर म्हणतात. उपाय एवढाच, की त्याला एका बाजूला नेऊन बसवायचं: 'स्टुडंट्स हू ऑफन प्रॅक्टिस' किंवा 'ऑफन, स्टुडंट्स हू प्रॅक्टिस इम्प्रूव्ह'.

कडूलिंब

धाग्यात शिरलोच आहे तर माझीही शंका. 'कन्सिडरिंग द लेंग्थ ऑफ द टेस्ट, द टाइम लिमिट इज शॉर्ट.' वरच्या कसोटीने 'लांबीचा विचार करणारी वेळमर्यादा' होते, म्हणजे चूक. पण हे वाक्य बरोबर धरलेलं पाहिलंय.

निळी शाई

बरोबरच आहे. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'कन्सर्निंग', 'गिव्हन' हे शब्द दिसायला क्रियापदाची रूपं आहेत, पण वापरून वापरून आता शब्दयोगी अव्ययासारखे झालेत. आपल्या 'धरून', 'सोडून' यांसारखंच. 'मला धरून पाच जण' म्हणताना धरणारा कोण असं कुणी शोधत नाही. अशा शब्दांना कर्ता लागत नाही. ते थोडेच आहेत, वाचता वाचता ओळखीचे होतील. पण 'युजिंग' त्यांत धरू नका. 'युजिंग द न्यू डेटा, द थिअरी वॉज रिजेक्टेड' याला परीक्षेत चूकच धरतात: माहिती वापरणारा सिद्धान्त. खोडरबरने म्हटलं ते खरं, पॅसिव्ह ही चूक नाही. पण पॅसिव्हमुळे काम करणारा माणूस वाक्याबाहेर जातो, आणि मग आयएनजीला धरायला कुणी उरत नाही. सुरुवातीला आयएनजी आणि पुढे पॅसिव्ह अशी जोडी दिसली की थांबून बघायचं. सुरुवातीला ईडी आणि पुढे पॅसिव्ह, जसं युरेनसच्या वाक्यात आहे, ते बहुतेकदा नीट जुळतं.

अर्धविराम

आज पुन्हा वीस प्रश्न सोडवले. सुरुवातीच्या मॉडिफायरचा एकही चुकला नाही. एकच चुकला, आणि तो वेगळ्याच जातीचा निघाला.

द म्युझियम बॉट अ सपोज्ड एन्शंट मॅन्युस्क्रिप्ट.

उत्तरात 'सपोजेडली एन्शंट' हवं होतं. मला वाटलं, मागे नाम आहे, मग विशेषण चालेल.

खोडरबर

शंका कशाची आहे ते विचार. हस्तलिखित आहे की नाही याची? की ते प्राचीन आहे याची? ते हातात आहे, संग्रहालयाने विकत घेतलंय. शंका आहे ती प्राचीनपणाची. 'एन्शंट' हे विशेषण, आणि विशेषणाबद्दल बोलायचं तर क्रियाविशेषण लागतं, म्हणून 'सपोजेडली'. 'अ सपोज्ड मॅन्युस्क्रिप्ट' तेव्हाच, जेव्हा ते हस्तलिखित आहे यावरच विश्वास नाही. 'अपॅरंट' आणि 'अपॅरंटली', 'रिसेंट' आणि 'रिसेंटली' यांच्या जोड्या अशाच येतात. दोन्ही पर्याय व्याकरणात बसतात, म्हणून इथे कान उपयोगाचा नाही. अर्थ कुठे लागतोय ते वाक्यातून शोधावं लागतं.

अर्धविराम

म्हणजे 'प्राचीन समजलं जाणारं हस्तलिखित' आणि 'हस्तलिखित समजली जाणारी प्राचीन वस्तू'. समजलं. वहीत युरेनसच्या खाली हेच वाक्य लिहून ठेवते. उद्यापासून 'दॅट' आणि 'व्हिच'कडे वळणार आहे. त्यासाठी याच धाग्यात विचारू की नवीन उघडू?

निळी शाई

इथेच विचार. येताना तुझी चुकलेली दोन वाक्यं घेऊन ये, त्यांवरूनच सुरू करू.